शब्दवेध : हँडिकॅप

हाती टोपी धरून याचना करणाऱ्या अपंगावरून ‘हँडिकॅप’ हा शब्द निघाला, ही समजूत सर्वस्वी निराधार आहे. जुन्या इंग्लंडात दोघे इसम वस्तूंची अदलाबदल करू लागले, म्हणजे मूल्यातील तफावत पंच ठरवी, आणि टोपीत घातलेले हात रिकामे निघतात की पैशांसह, यावरून सौदा मंजूर वा नामंजूर होई. हाच ‘हँड इन कॅप’. पुढे शर्यतीत सरस घोड्यावर जादा वजन लादण्याची पद्धत पडली व तिलाही हेच नाव मिळाले. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हा शब्द आजही त्याच अर्थाने चालतो.

घोड्याचे हे ओझे मनुष्याच्या बुद्धीवर चढविले ते कर्ट व्हॉनेगट यांनी, 1961 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॅरिसन बर्जरॉन’ या कथेत. तिच्यातील 2081 सालच्या अमेरिकेत कोणी कोणाहून शहाणे असू नये असा कायदा असून, त्याच्या अंमलासाठी स्वतंत्र सरकारी खाते आहे. हॅरिसनचा बाप जॉर्ज बुद्धिमान, म्हणून त्याच्या कानात सक्तीने बसविलेले यंत्र दर वीसेक सेकंदांनी कर्कश आवाज करते, आणि जुळत आलेला विचार तुटतो. गळ्यात 47 पौंड छऱ्यांची पिशवी. त्यातला एक छरा काढला तरी दोन वर्षे कैद. मला मात्र त्या पिशवीहून कानातला आवाजच अधिक भयंकर वाटतो. कथेच्या शेवटी पोटचा मुलगा हॅरिसन दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मारला जातो, आईच्या गालांवर आसवे असतात, आणि ती कशासाठी, हे तिला आठवत नाही.