पावसाची नोंद आणि संगणकाची सिरियल सेवा

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा हे एक महसूल मंडळ. सोयाबीन, तूर आणि हळदीच्या या पट्ट्यात पाऊस किती झाला, हे सरकारदरबारी मंडळातील पर्जन्यमापकाच्या आकड्यावरून ठरते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, की त्या मंडळात अतिवृष्टी झाल्याचे मानले जाते. २०२३च्या ऑगस्टमध्ये मराठवाड्यात पावसाने दीर्घ ओढ दिली, तेव्हा पीकविम्याच्या आगाऊ भरपाईसाठी २१ दिवसांच्या खंडाचा निकष चर्चेत होता आणि एकेका दिवसाच्या नोंदीला मोल आले होते.

राज्य शासनाने महावेध प्रकल्पात स्कायमेट या कंपनीच्या भागीदारीने मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. भरपाईसाठी अधिकृत नोंद ग्राह्य धरली जाते, हे खरेच. तरीही एखादे महाविद्यालय किंवा शेतकऱ्यांची कंपनी स्वतःचे केंद्र बसवून ते संगणकाला जोडू शकते. अधिकृत आकड्याविषयी शंका आल्यास शेजारी ठेवावयास दुसरा आकडा असलेला बरा. मात्र हा दुसरा आकडा विश्वासार्ह ठरावयाचा असेल, तर त्यामागील संगणकीय व्यवस्था काळजीपूर्वक लावावी लागते.

अशा केंद्रातील पर्जन्यमापकात दोन छोट्या पळ्या असतात. एक भरली की कलंडते व दुसरी पुढे येते. बहुतेक यंत्रांत एका कलंडण्याचा अर्थ ०.२ मिलिमीटर पाऊस असा असतो. म्हणजे ६५ मिलिमीटरसाठी ३२५ वेळा. नोंदयंत्र ही संख्या मोजते आणि सिरियल पोर्टमधून अक्षरांच्या ओळीच्या रूपाने संगणकाकडे पाठविते. आरएस-२३२ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९६० सालची आहे. नव्या संगणकांवर नऊ टाचण्यांचा तो पोर्ट आता क्वचितच दिसतो. त्याच्या जागी यूएसबीचा परिवर्तक लावला जातो. वेग दोन्ही बाजूंना एकच असावा लागतो. तो प्रतिसेकंद ९६०० बिट ठेवला असता सेकंदाला ९६० अक्षरे येतात. पावसासाठी एवढे पुष्कळ झाले. वायर मात्र पंधरा मीटरच्या आत ठेवावी. यंत्र शेतात आणि संगणक लांबच्या खोलीत असल्यास आरएस-४८५ ही पद्धत सुमारे १२०० मीटरपर्यंत साथ देते.

ही ओळ वाचून फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम कोणी बटण दाबून सुरू करीत असेल, तर वीज गेल्यावर तो पुन्हा सुरू करण्यास माणूस हवा. मुसळधार पावसाच्या रात्री नेमकी वीज जाते आणि नेमका माणूस नसतो. म्हणून हा प्रोग्रॅम सेवेच्या रूपात बसवितात. सेवा म्हणजे संगणक सुरू होताच, कोणी लॉग-इन केले नसले तरी, पडद्याआड चालू राहणारे काम. युनिक्सच्या परंपरेत तिला डीमन म्हणतात. अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९६३च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या काल्पनिक राक्षसावरून हे नाव पडले. गावाकडे त्याला वेताळ म्हणता आले असते.

लिनक्समध्ये अशा सेवांचा कारभार सिस्टमडी पाहतो. कोणता प्रोग्रॅम, कोणत्या वापरकर्त्याच्या नावे आणि बंद पडल्यास काय करावे, हे एका छोट्या मजकूर-फाइलमध्ये लिहावे लागते. सेवा प्रशासकाच्या अधिकाराने चालवू नये. वेगळा वापरकर्ता करून त्याला सिरियल पोर्ट वाचण्यापुरती परवानगी द्यावी. उबुंटू किंवा डेबियनमध्ये त्यासाठी त्याला डायलआऊट या गटात घालावे लागते.

खरी मेख पुढे आहे. सेवा बंद पडल्यास पुन्हा सुरू कर, एवढेच सांगून भागत नाही. सिस्टमडी मुळात क्षणार्धात पुन्हा प्रयत्न करतो आणि दहा सेकंदांत पाच प्रयत्न फसले, की हात टेकतो. वायर मिनिटभर सैल झाली, तरी सेवा कायमची बंद पडू शकते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. दोन प्रयत्नांमध्ये दहा सेकंदांचे अंतर ठेवले, तर ही मर्यादा गाठली जात नाही. विंडोजमध्ये सेवेच्या गुणधर्मांत रिकव्हरी या पानावर पहिल्या, दुसऱ्या व त्यानंतरच्या अपयशासाठी हीच सोय आहे. दुसरा सापळा नावाचा. यूएसबी परिवर्तक काढून पुन्हा लावला, की त्याला कधी कधी वेगळा क्रमांक मिळतो आणि सेवा जुन्या क्रमांकावर वाट पाहत बसते. परिवर्तकाच्या ओळखक्रमांकावरून त्याला कायमचे नाव देणे हा त्यावरचा उपाय.

घड्याळाचा प्रश्न याहून नाजूक आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजला जातो. रास्पबेरी पाय-४ व त्याआधीच्या स्वस्त संगणकांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज परतली आणि इंटरनेट आले नाही, तर ते जुनीच वेळ पुढे चालवितात. सकाळी नऊनंतर पडलेला पाऊस मग आदल्या दिवसाच्या खात्यात जातो. एकाच दिवसाचे ८० मिलिमीटर चाळीस-चाळीस असे वाटले गेले, तर अतिवृष्टीचा उंबरठा दोन्ही दिवशी हुकतो. बॅटरीवरील घड्याळाचा सुटा भाग फारसा महाग नसतो, तो बसवावाच.

प्रत्येक ओळ आली की तत्काळ डिस्कवर उतरवावी आणि दर दिवसाला वेगळी फाइल ठेवावी. पाऊस नसला तरी दर दहा मिनिटांनी शून्याची ओळ लिहिली गेलीच पाहिजे. ओळच नाही, याचा अर्थ यंत्र गप्प होते. शून्य आहे, याचा अर्थ पाऊस नव्हता. हे दोन्ही सारखे दिसू लागले, तर कोरडा दिवस आणि बंद यंत्र यांतला फरक नंतर कोणालाच सांगता येणार नाही. नोंदयंत्राने दर वेळी नव्या पावसाऐवजी आतापर्यंतची एकूण संख्या पाठवावी, म्हणजे मधल्या ओळी हरवल्या तरी बेरीज हरवत नाही.

पावसाळ्यापूर्वी चाचणी घेणे अवघड नाही. वीस सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्यात ३१४ मिलिलिटर पाणी थेंबाथेंबाने सोडावे. हे १० मिलिमीटर पावसाइतके असते व पळ्या ५० वेळा कलंडल्या पाहिजेत. पाणी सुरू असताना संगणकाची वायर एकदा काढून मिनिटाभराने पुन्हा लावावी, वीजही एकदा घालवावी आणि मग फाइल उघडून पन्नासचा आकडा जुळतो का, ते पाहावे.