पाच नद्यांचे गाव आणि शाश्वत विकास

तमिळमध्ये 'ऐ' म्हणजे पाच आणि 'आरु' म्हणजे नदी. तंजावरजवळच्या तिरुवैयारुचे नाव कावेरी व तिच्या फाट्यांवरून पडले आहे. शाश्वत विकासाचा इतिहास अभ्यासण्यासाठी हा परिसर उत्तम उदाहरण ठरतो.

१९८७ च्या ब्रंटलँड अहवालानुसार, आजच्या गरजा भागवताना भावी पिढ्यांची गरजा भागवण्याची क्षमता घटू नये, हा शाश्वत विकास होय. पण पुढच्या पिढीला नेमके काय सोपवायचे? बांधकाम, की ते सांभाळण्याची रीत?

गावाच्या वरच्या अंगाला कल्लणै हा दगडी बंधारा आहे. परंपरा त्याचे श्रेय करिकाल चोळाला, सुमारे दुसऱ्या शतकाला देते. कावेरीचे पाणी खोलगट कोल्लिडम पात्रात निसटू नये आणि पुराचे जादा पाणी मात्र तिकडे जावे, ही त्यामागची योजना. नदी न अडवता तिला वळण देणे, हे तिचे सूत्र.

१६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरात मराठी राज्य स्थापले. सरफोजीराजांच्या काळात, १७९९ मध्ये, प्रदेशाचा कारभार कंपनीकडे गेला. पुढे कावेरीचे मुख गाळाने भरू लागले व पाणी कोल्लिडमकडे ओढले जाऊ लागले. म्हणून आर्थर कॉटन यांनी १८३६ मध्ये मुक्कोंबू येथे कोल्लिडमवर बंधारा बांधला. उपाय इतका लागू पडला की आता कावेरीत जास्त पाणी येऊन तिचे पात्र खचू लागले. मग तिच्या मुखाशीही नियंत्रण उभारावे लागले. १९३४ मध्ये वर मेट्टूर धरण झाले. त्याने पाण्याची हमी वाढली, पण धरण गाळही अडवते. आणि त्रिभुज प्रदेश घडतो तो गाळानेच.

ऑगस्ट २०१८ च्या पुरात मुक्कोंबूच्या १८२ वर्षांच्या बंधाऱ्याचा काही भाग वाहून गेला. कल्लणै आजही वापरात आहे. मात्र ते जसेच्या तसे टिकलेले नाही. एकोणिसाव्या शतकात त्यात दुरुस्त्या व बदल झाले, म्हणूनच ते उपयोगी राहिले.

यावरून निष्कर्ष असा: कोणताही उपाय अंतिम नसतो, प्रत्येक उपाय पुढचा प्रश्न घेऊन येतो. संस्कृतीचे आयुष्य दगडाच्या मजबुतीपेक्षा दर पिढीने दुरुस्तीची जबाबदारी स्वीकारण्यावर अवलंबून असते. २०२० मध्ये तमिळनाडूने कायद्याने या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्र ठरवले, तो याच जबाबदारीचा आजचा टप्पा होय.

विचारासाठी प्रश्न: आपल्या गावातील एखादा जुना तलाव किंवा बंधारा आज कोण सांभाळते, आणि उद्या कोण सांभाळील?