राष्ट्राध्यक्षांच्या नावावरील दोन ग्रंथ

वर्गणीवर चालणाऱ्या ग्रंथालयात सर्वांत दुर्लक्षित वस्तू कोणती, असे विचारले तर देवघेवीच्या वहीकडेच बोट दाखवावे लागेल. ग्रंथ कपाटात जपले जातात, देणगीदारांची नावे भिंतीवर लावली जातात. परंतु कोणी कोणते पुस्तक केव्हा नेले आणि केव्हा आणून दिले, हे ज्या वहीत लिहिलेले असते ती वही भरली की अडगळीत जाते. न्यूयॉर्क सोसायटी लायब्ररी या जुन्या ग्रंथालयाच्या अशाच एका वहीचे नशीब याहून वेगळे नव्हते. १९३४ साली ती तळघरातील रद्दीत सापडली. तिच्यात १७८९ ते १७९२ या वर्षांच्या नोंदी होत्या. आणि त्यांतील पहिले वर्ष म्हणजे अमेरिकेच्या नव्या राज्यव्यवस्थेचेही पहिलेच वर्ष होते.

या ग्रंथालयाची स्थापना १७५४ सालची. त्या वेळी न्यूयॉर्क ही इंग्रजांची वसाहत होती. सहा नागरिकांनी पुढाकार घेतला आणि प्रत्येक सभासदाने पाच पौंड देऊन भाग विकत घ्यावा, शिवाय दरसाल दहा शिलिंग वर्गणी भरावी, असे ठरले. घरातील इतर मालमत्तेप्रमाणे हा भागही वारसाकडे जात असे. १७७२ साली तिसऱ्या जॉर्ज राजाने संस्थेला सनद दिली. नगरभवनातील एका दालनात हा संग्रह ठेवलेला असे.

पुढे चारच वर्षांनी त्याच राजाचे सैन्य शहरात उतरले. १७७६ पासून १७८३ पर्यंत न्यूयॉर्क इंग्रज सैन्याच्या ताब्यात होते. या काळात ग्रंथालय लुटले गेले. शिपाई पाठीवरच्या पिशव्यांतून ग्रंथ घेऊन जात आणि दारूच्या मोबदल्यात विकून टाकीत, अशी हकीकत मागाहून सांगितली जात असे. युद्ध संपले तेव्हा संस्था नावापुरतीच उरली होती. तथापि जुने सभासद पुन्हा एकत्र जमले, नवे ग्रंथ आणले गेले आणि १७८९ साली राज्याच्या विधिमंडळाने जुनी सनद कायम केली. राजा गेला, राज्य बदलले, पण वाचकांनी आपसांत केलेला करार टिकून राहिला.

त्याच नगरभवनाला याच सुमारास नवे रूप मिळाले. पिएर लाँफाँ या फ्रेंच स्थापत्यकाराने ती इमारत राष्ट्रसभेसाठी सजविली आणि तिला फेडरल हॉल हे नाव पडले. ३० एप्रिल १७८९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी तेथील सज्जात राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. खाली कायदे होत आणि वर ग्रंथालय. राष्ट्रसभेचे स्वतःचे ग्रंथालय १८०० साली स्थापन झाले. तोपर्यंत लोकप्रतिनिधींना ग्रंथांसाठी शहरातील अशा वर्गणीदारांच्या संस्थांचाच आधार होता.

त्या वर्षीच्या वहीत अलेक्झांडर हॅमिल्टन, ॲरन बर, जॉन जे, जॉर्ज क्लिंटन अशी नावे आढळतात. कोणी अर्थमंत्री, कोणी सरन्यायाधीश, कोणी गव्हर्नर. पण वहीत त्यांच्यासाठी वेगळे पान नाही की वेगळा नियम नाही. हॅमिल्टन आणि बर यांची नावे येथे वाचक म्हणून एकाच यादीत आहेत. पुढे ११ जुलै १८०४ रोजी झालेल्या द्वंद्वयुद्धात बर यांच्या गोळीने हॅमिल्टन कोसळले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले.

मात्र या समतेला मर्यादा होती, हेही विसरून चालणार नाही. १७९० च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ३३,१३१ भरली. त्यांत दोन हजारांहून अधिक गुलाम होते. भाग विकत घेण्याची ऐपत ज्यांची नव्हती, किंवा जे स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता मानले जात होते, त्यांना या वहीत स्थान नव्हते. शहरातील थोड्याशा घरांचीच ही नोंद होय.

५ ऑक्टोबर १७८९ या दिवसाची नोंद विशेष प्रसिद्ध झाली आहे. राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन नुकतेच संपले होते. वॉशिंग्टन यांनी त्या दिवशी नव्या न्यायाधीशांच्या नेमणुकीची पत्रे रवाना केली आणि ईशान्येकडील राज्यांच्या दौऱ्याविषयी हॅमिल्टन यांच्याशी विचारविनिमय केला, असे त्यांच्या रोजनिशीवरून दिसते. त्याच दिवशी ग्रंथालयातून दोन ग्रंथ बाहेर गेले: व्हातेल या स्विस पंडिताचा राष्ट्रांच्या परस्पर कायद्यावरील ग्रंथ आणि इंग्लंडच्या कॉमन्स सभेतील वादविवादांचा बारावा खंड. नेणाऱ्याच्या नावाच्या जागी केवळ ‘राष्ट्राध्यक्ष’ एवढेच लिहिलेले आहे.

ग्रंथ परत करण्याची मुदत २ नोव्हेंबरला संपत होती. त्या दिवशी वॉशिंग्टन दौऱ्यावर होते. ते न्यूयॉर्कला परतले १३ नोव्हेंबरला. ग्रंथ परत आल्याची नोंद वहीत नाही. ते त्यांनी वाचले किंवा नाही, हेही वहीवरून कळत नाही. एवढे खरे की १७९३ साली फ्रान्स व इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपले, तेव्हा अमेरिकेने तटस्थ राहावे काय, या चर्चेत हॅमिल्टन व जेफर्सन या दोघांनीही व्हातेलच्याच ग्रंथाचा आधार घेतला. ज्या शत्रूच्या पार्लमेंटपासून हे राष्ट्र फुटून निघाले होते, त्याच पार्लमेंटचे वादविवाद पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या नावावर नेले जावेत, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. लढाई जिंकल्यावर राज्य कसे चालवावे, याचे धडे जुन्या ग्रंथांतूनच घ्यावे लागत होते.

१७९० साली राजधानी फिलाडेल्फियास हलली. फेडरल हॉलची इमारत १८१२ साली पाडली गेली. ग्रंथालय मात्र अनेक स्थलांतरे करून आजही वर्गणीदारांच्या बळावर चालू आहे. जुन्या वहीची डागडुजी चालू असताना तिच्यातील नोंदी कपाटातील ग्रंथांशी ताडून पाहिल्या गेल्या, तेव्हा बारावा खंड आणि व्हातेल हे दोन्ही जागेवर नसल्याचे दिसून आले. ही वार्ता पसरल्यावर वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन येथील निवासस्थानाची व्यवस्था पाहणाऱ्यांनी व्हातेलच्या त्याच आवृत्तीची दुसरी प्रत मिळविली आणि १९ मे २०१० रोजी ती ग्रंथालयाच्या स्वाधीन केली.

दोनशे वीस वर्षांच्या दंडाचा हिशेब वृत्तपत्रांनी गमतीने मांडला. ग्रंथालयाने तो मागितला नाही. सैन्याने लुटलेल्या पुस्तकांचा जाब कोणाला विचारता आला नव्हता, कारण त्यांची कोठे नोंदच नव्हती. या ग्रंथाची मात्र एका अनाम लेखनिकाने केलेली एका ओळीची नोंद होती, म्हणूनच तो परत करण्याची जबाबदारी कोणाला तरी आपली वाटली.