एकाच यंत्राचं सोंग

‘पारदर्शक कारभार’ म्हटलं की आपल्याला उघडी फाईल आठवते. कुठं काय शिजतंय ते सगळ्यांना दिसावं, एवढाच अर्थ. संगणकवाल्यांनी हाच शब्द घेतला आणि उलटा वापरला. त्यांच्या लेखी पारदर्शक म्हणजे मध्ये असूनही दिसत नाही ते, पुसलेल्या काचेसारखं. वीस यंत्रं तारेनं जोडलेली असोत, वापरणाऱ्याला आपण एकाच यंत्रापुढं बसलोय असं वाटलं पाहिजे. माझं मत विचाराल तर याला बेमालूमपणा म्हणायला हवं होतं. सोंग बेमालूम वठतं, त्या अर्थानं.

सोंगाची हौस जुनी आहे. १९६९ साली अर्पानेट सुरू झालं. पहिल्या काही वर्षांत लांबच्या यंत्रावरची फाईल हवी असेल तर त्या यंत्राचं नाव सांगा, तिथं लॉगिन करा, फाईल इकडं उतरवून घ्या, असा सगळा खटाटोप होता. बीबीएन कंपनीच्या रॉबर्ट थॉमस यांनी १९७३ साली मांडलेल्या ‘आरएसईएक्सईसी’नं तो कमी केला. टेनेक्स या कार्यप्रणालीवर चालणारी वेगवेगळी यंत्रं त्यात एका घरची असल्यासारखी वापरता येत. (यंत्रायंत्रांतून उड्या मारणारा, व्हायरसांचा पूर्वज समजला जाणारा ‘क्रीपर’ही याच थॉमस यांचा.)

सगळ्यात देखणी युक्ती मात्र न्यूकॅसलची. युनिक्समधलं फायलींचं झाड उलटं असतं, मूळ वर आणि फांद्या खाली. दोन टिंबं दिली की एक पायरी वर चढता येतं. मुळाशी पोचलात की चढायला काही उरत नाही, टिंबं तुम्हाला तिथंच ठेवतात. न्यूकॅसल विद्यापीठाच्या ब्राउनब्रिज, मार्शल आणि रँडेल यांनी १९८२ साली या मुळाच्या डोक्यावर आणखी एक मूळ बसवलं आणि प्रत्येक यंत्र त्याची फांदी केलं. आता मुळापासून दोन टिंबं वर चढायचं आणि शेजारच्या यंत्रात उतरायचं. युनिक्सच्या गाभ्याला त्यांनी हात लावला नाही. गाभा आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये एक थर सरकवला, नि जुने प्रोग्रॅम होते तसे चालू लागले. पत्त्यात यंत्राचं नाव तेवढं राहिलं.

ते नाव पुसलं कॅलिफोर्निया विद्यापीठात, लॉस एंजेलिसला, जेराल्ड पोपेक यांच्या ‘लोकस’नं. फाईल कुठं आहे हे तिच्या नावावरून कळेनासं झालं. तिच्या प्रती अनेक यंत्रांवर असत. जाळं मधूनच तुटलं तर दोन्ही तुकडे आपापलं काम चालू ठेवत आणि सांधल्यावर हिशेब जुळवत. जो हिशेब जुळत नसे त्याबद्दल फाईलच्या मालकाला मेल जाई. म्हणजे काचेवर तडा दिसायचाच.

ॲमस्टरडॅमला टॅनेनबाउम यांच्या ‘अमिबा’त तुम्ही अमुक यंत्रावर लॉगिन करतच नव्हता, करत होता ते अख्ख्या व्यवस्थेत. बर्कलीच्या ‘स्प्राइट’मध्ये रिकाम्या यंत्रावर दुसऱ्याचं काम पाठवलं जाई, आणि मालकानं येऊन कळफलकाला बोट लावलं की पाहुणा मुकाट आपल्या घरी परते. इतकं सभ्य सॉफ्टवेअर पुन्हा झालं नाही.

बाजार मात्र मारला सन कंपनीच्या एनएफएसनं, १९८५ साली. लांबच्या यंत्रावरच्या फायली त्यात आपल्याच यंत्रावर असल्यासारख्या दिसत. त्या काळात कुठल्याही युनिक्स लॅबमध्ये हे दृश्य दिसायचं. फायलींची यादी मागायला कुणीतरी ‘एलएस’ टाइप करतं, एंटर मारतं, कर्सर जागच्या जागी. मग पडद्यावर ओळ येते: ‘एनएफएस सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग’. कंट्रोल-सी दाबा, दुसऱ्या खिडकीतून किल मारा, ढिम्म. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पर्ट यांनी मे १९८७च्या एका ईमेलमध्ये वितरित प्रणालीची व्याख्याच अशी केली होती: जे यंत्र आहे हेही तुम्हाला ठाऊक नव्हतं, त्याच्या बंद पडण्यानं तुमचं यंत्र जिथं निकामी होतं, ती.

बेल लॅब्जच्या ‘प्लॅन ९’ या कार्यप्रणालीनं बेमालूमपणाचा हट्टच सोडला. कुठल्या यंत्राचं काय कुठं जोडायचं, तो नकाशा ज्याचा त्यानं मांडावा. (याच प्लॅन ९साठी १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत बसून यूटीएफ-८ आखलं. मराठीचं अक्षरचिन्ह आज बहुतेक ठिकाणी त्याच रीतीनं, तीन बाइटांत साठवलं जातं.)

१९९४ साली खुद्द सनच्या प्रयोगशाळेतून जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. जवळचं आणि लांबचं एकच आहे असं भासवू नका, असं त्यात रोखठोक मांडलं होतं. आपल्याकडं म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. इथं आणता येत नाही ते उत्तराचं. पलीकडून काहीच आलं नाही तर काय समजायचं? निरोप पोचला नाही, की काम झालं पण पोच हरवली, की पलीकडचं यंत्र नुसतं संथ आहे? अलीकडून कळायला मार्ग नाही. त्यांनी दाखला दिला तो घरच्याच एनएफएसचा. लांबच्या फायली जोडताना ‘सॉफ्ट’ माउंट केलं तर थोडा वेळ वाट पाहून चूक कळवली जाते, पण तशी चूक येऊ शकते हे जुन्या प्रोग्रॅमांच्या गावीही नसतं. ‘हार्ड’ केलं तर उत्तर येईपर्यंत ताटकळत बसायचं.

लिनक्सवर एनएफएस जोडताना तुम्ही काही सांगितलं नाही, तर आजही ते ‘हार्ड’च जोडलं जातं.