अंगणवाडी आली कुठून?

आपल्या मनमाडच्या आसपास अंगणवाडी म्हटलं की आधी खिचडी आठवते, मग लसीकरण आणि वजनकाटा. ते सगळं हवंच. पण ज्या दोघींनी हे काम उभं केलं, त्यांना लेकरांच्या पोटाइतकीच त्यांच्या मनाचीही काळजी होती. आज आम्ही त्यांची गोष्ट सांगणार आहोत.

पहिल्या ताराबाई मोडक. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका लहान मुलांना न मारता, खेळातून शिकवत होते. ताराबाई त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला.

दुसऱ्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. तरी त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. आपल्या शेजारच्या चांदवडलाही त्यांनी शिकवलं, मग पुण्याच्या हुजूरपागेत.

१९४५ साली दोघी बोर्डीला गेल्या. समुद्रकाठचं हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. तिथे बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली पोरं येईनात. आया कामावर जायच्या, थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसायची. मूल येत नाही, तर आपणच त्याच्याकडे जाऊ, असं त्यांनी ठरवलं. वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरू लागला. तीच अंगणवाडी.

आधी आंघोळ, वेणीफणी, नखं कापणं. मग गाणी, गोष्टी, गप्पा. महागडी खेळणी नव्हती. शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली. तिचं नाव विकासवाडी. भावंडाला पाळणाघरात ठेवून थोरली पोर वर्गात बसू लागली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली.

यातून मुलांना काय मिळालं? बिया निवडताना डोळा आणि हात एकत्र चालायला शिकतात. मूल बोलतं ते कुणी ऐकलं, की त्याचे शब्द वाढतात. माराची भीती नसली, की ते प्रश्न विचारतं. मेंदूची बहुतेक वाढ पहिल्या सहा वर्षांतच होते, असं आज डॉक्टरही सांगतात. तान्ह्याच्या हुंकाराला आई हसून उत्तर देते, तिथूनच ही वाढ सुरू होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. आहाराबरोबर शिकवणंही त्या योजनेत होतंच. पण आहाराचं वजन वहीत दिसतं, सांगितलेली गोष्ट वहीत दिसत नाही. म्हणून तिची विचारपूस आपणच करायला हवी.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला अंगणवाडीताईंना बोलवा. आज मुलांना कोणतं गाणं शिकवलं, ते आपुलकीने विचारा. त्यांना काय कमी पडतं, तेही विचारा. कांदा निवडताना लेकराला जवळ बसवा. मोठे वेगळे, लहान वेगळे करू दे, आणि त्याच्याशी बोलत राहा. आणि धाकट्यासाठी थोरल्या मुलीची शाळा बुडत असेल, तर गटात पाळी लावा. एकीने लेकरं सांभाळली, तर बाकीच्यांच्या मुली शाळेत जातील. कोसबाडला हे जमलं, आपल्यालाही जमेल.