जावा परत आली तेव्हा रांगा लागल्या, मग चाहतेच नाराज का झाले?

१५ नोव्हेंबर २०१८. मुंबईतल्या एका कार्यक्रमात नव्या मोटारसायकलींवरचा पडदा उठला आणि देशभरातल्या पन्नाशी-साठी ओलांडलेल्या गड्यांना एकदम आपलं कॉलेज आठवलं. टाकीवर नाव होतं, जावा.

ज्या गाडीचा भारतातला कारखाना १९९६ मध्येच बंद पडला होता, जिचे पार्ट शोधायला लोक भंगारबाजार पालथे घालत होते, ती गाडी बावीस वर्षांनी शोरूममध्ये येणार होती. पुढच्या चाळीस दिवसांत एवढं बुकिंग झालं की २५ डिसेंबरला कंपनीला ऑनलाइन बुकिंग थांबवावं लागलं. सप्टेंबर २०१९ पर्यंत तयार होणाऱ्या सगळ्या गाड्या विकल्या गेल्या होत्या. तेही एकही गाडी ग्राहकाच्या दारात पोचलेली नसताना.

बंद पडलेल्या ब्रँडला याहून भारी पुनरागमन काय मिळणार? पण वर्षभरातच सगळ्यात मोठ्यानं तक्रार करणारे लोक हेच होते, पहिल्या दिवशी पाच हजार भरून नंबर लावणारे.

हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर आधी या गाडीवर लोकांचा एवढा जीव का होता ते बघावं लागतं.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. फ्रांतिशेक यानेचेक नावाचा माणूस शस्त्रास्त्रं बनवायचा. १९२९ मध्ये त्यानं वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलचं डिझाइन घेतलं. यानेचेकमधला ‘जा’ आणि वांडररमधला ‘वा’, झालं नाव तयार.

भारतात ही गाडी आणली मुंबईच्या इराणी कुटुंबानं. आधी गाड्या आयात व्हायच्या. पुढे आयातीवर निर्बंध आले तेव्हा रुस्तम आणि फारुख इराणी यांनी मैसूरला कारखानाच काढला. १९६१ पासून ‘आयडियल जावा’ या कंपनीच्या गाड्या तिथून बाहेर पडायला लागल्या. १९७३ मध्ये टाकीवरचं नाव बदलून येझदी झालं. हे नाव इराणमधल्या यझ्द शहरावरून आलंय. १९७८ ला रोडकिंग आली आणि त्या काळातल्या पोरांनी ती डोक्यावर घेतली.

या गाडीत काही गोष्टी अशा होत्या की दुसरीकडे सापडायच्या नाहीत. किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक व्हायची. गिअर टाकताना क्लच दाबला नाही तरी चालायचं, कारण गिअरचा दांडा हलला की क्लच आपोआप सुटायचा. एक सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. आणि तो आवाज. गाडी उभी असताना एका संथ लयीत ढग-ढग करणारं ते इंजिन दोन गल्ल्या पलीकडूनही ओळखू यायचं.

इंजिन टू-स्ट्रोक होतं. म्हणजे व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, हलणारे भाग मोजकेच. गावातला मिस्त्री चार पाने आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन अर्ध्या दिवसात इंजिन खोलून परत बसवायचा. खेड्यापाड्यात आणि जंगलपट्ट्यात अशा गाड्यांना मान होता तो याच कारणामुळे. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोली, पुढे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत सिरोंचापर्यंत जायचं तर आजही तो एका दमाचा प्रवास नाही. एकट्या गडचिरोली ते सिरोंचा अंतरच दोनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. अशा रस्त्यावर फटफटी बंद पडली तर ती जागेवर दुरुस्त होते की नाही, हा शौकाचा नाही, रात्र कुठं काढायची याचा प्रश्न असतो.

मग एवढी लाडकी गाडी बंद का पडली? १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली. तिचं मायलेज टू-स्ट्रोकवाल्यांना स्वप्नातही परवडणारं नव्हतं. टू-स्ट्रोकमध्ये ताजं पेट्रोल आत येतं तेव्हा धूर बाहेर जायची वाटही उघडीच असते, त्यामुळे थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. वर ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलेलं, म्हणजे तेही जळतं. प्रदूषणाचे नियम आले आणि हे गणित बसेना. कामगारांचे वाद, थकलेली देणी यांची भर पडली आणि १९९६ मध्ये मैसूरच्या कारखान्याला टाळं लागलं.

गंमत अशी की कंपनी मेली पण गाड्या मेल्या नाहीत. पुणे, मुंबई, बंगळुरू, मैसूर अशा शहरांत जावा-येझदीवाल्यांचे क्लब उभे राहिले. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवस साजरा व्हायला लागला. त्या दिवशी वीस-तीस-चाळीस वर्षांच्या गाड्या पुसून-पासून रस्त्यावर निघतात. कुणाकडे वडिलांची, कुणाकडे सासऱ्याची. एखादा पार्ट मिळेना झाला की हीच मंडळी तो घडवून घ्यायची आणि एकमेकांना पुरवायची. कंपनीनं करायचं काम बावीस वर्षं चाहत्यांनी केलं.

हे प्रेम बाजारात उतरवायचं ठरवलं क्लासिक लेजेंड्स या कंपनीनं. तिच्यात महिंद्रा अँड महिंद्राचा ६० टक्के हिस्सा. सोबत अनुपम थरेजा आणि रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणी. (हे बांधकाम व्यवसायातले बोमन इराणी, सिनेमातले नव्हेत.) गाडी बनणार होती मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला. मराठी माणसाला हा कारखाना एका वेगळ्या कारणानं जवळचा. फिरोदियांची कायनेटिक होंडा इथेच बनायची. २००८ मध्ये महिंद्रानं कायनेटिकचा दुचाकी धंदा घेतला, त्यासोबत पिथमपूरही आलं.

नव्या जावाची किंमत दिल्लीत एक्स-शोरूम १ लाख ६४ हजार आणि ‘फोर्टी टू’ची १ लाख ५५ हजार. इंजिन २९३ सीसीचं, फोर-स्ट्रोक, लिक्विड कूल्ड, ताकद २७ पीएसच्या घरात. देशातली पहिली दोन शोरूम डिसेंबर २०१८ मध्ये पुण्यात उघडली, बाणेर आणि चिंचवडला.

पहिली प्रतिक्रिया दिसण्यावर आली आणि ती जवळपास एकमुखी होती. झकास. तोच मरून रंग, टाकीवर तोच क्रोम, दोन्ही बाजूंना सायलेन्सर. इंजिन पाण्यानं थंड होणारं असलं तरी त्यावर जुन्या इंजिनासारख्या पट्ट्या ठेवलेल्या. पण दुसरी प्रतिक्रियाही लगेच आली. ‘आवाज कुठाय?’

इथे कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. २०१८ मध्ये टू-स्ट्रोक रस्त्यावर आणणं शक्यच नव्हतं, एप्रिल २०२० पासून तर बीएस-६ चे नियम लागणार होते. सायलेन्सरच्या आवाजावर मेहनत घेतली होती, पण फोर-स्ट्रोक इंजिनातून टू-स्ट्रोकचा आवाज काढणं म्हणजे तबल्यातून सनई वाजवणं. जुन्या चाहत्यांपैकी बऱ्याच जणांनी ते मान्यही केलं. नाराजीचं खरं कारण आवाज नव्हताच.

कारण होतं वाट बघणं. डिलिव्हरी सुरू झाली मार्च २०१९ च्या शेवटी, आणि तीही मुंगीच्या पावलांनी. लोक शोरूमला फोन करायचे, तारीख मिळायची, तारीख जायची. मागच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेलं मॉडेल उशिरा जाहीर झालं, तेव्हा आधी नंबर लावलेल्यांपुढे बदल करायचा की आहे तेच घ्यायचं हा पेच उभा राहिला. शेवटी कंपनीनं वेबसाइटवर आपली गाडी किती आठवड्यांनी मिळेल हे बघायची सोय केली. कल्पना चांगली होती, पण आकडा बघून अनेकांचा पारा अजूनच चढला.

गाडी हातात आल्यावर दुसरा अंक सुरू झाला. काही मालकांनी गंजाच्या तक्रारी केल्या. कुणाला फिटिंग-फिनिशिंग खटकलं, कुणाला सीट आखूड वाटली, स्पीडब्रेकरवर गाडी खाली घासते असंही बरेच जण सांगत होते. इंजिनाची गरमी हा आणखी एक विषय. चंद्रपूरसारख्या शहरात, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथे सिग्नलला उभ्या गाडीची झळ मांडीला लागणं ही किरकोळ तक्रार राहत नाही.

यातली एकही अडचण अशी नव्हती की जी दुसऱ्या कुठल्या नव्या गाडीत कधीच आली नाही. फरक ग्राहकात होता. साधा ग्राहक नाराज झाला की पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीकडे जातो. चाहता नाराज झाला की तो थांबतो, फोटो काढतो, लिहितो, व्हिडिओ करतो, कारण टाकीवरचं नाव त्याला आपलं वाटतं. त्याच्या लेखी कंपनीनं त्याची गाडी बिघडवलेली असते. ज्यांनी बावीस वर्षं भंगारातून पार्ट शोधून हे नाव जिवंत ठेवलं, त्यांना शोरूममध्ये ‘पार्ट मागवलाय, कळवतो’ हे उत्तर ऐकावं लागणं जास्त झोंबणारच.

कंपनीनं ऐकलं नाही असं मात्र म्हणता येत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये बॉबर धाटणीची पेराक आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुधारलेली फोर्टी टू आली, तिच्यात अलॉय व्हील होते, सीट आणि सस्पेन्शनवर काम केलेलं होतं, सायलेन्सरचा आवाजही बदललेला होता. जानेवारी २०२२ मध्ये येझदी हे नावही परत आलं आणि ३३४ सीसीच्या तीन गाड्या एकदम उतरल्या, रोडस्टर, स्क्रॅम्बलर आणि अ‍ॅडव्हेंचर.

जानेवारी २०२४ ची जावा ३५० या सगळ्यात लक्ष देण्यासारखी आहे. इंजिन मोठं झालं, पण ताकद आधीपेक्षा कमी केली, २२.५ पीएस. कागदावर हे उलटं वाटतं. पण कमी वेगाला मिळणारी ओढ वाढवली होती. २९३ सीसीचं इंजिन पळवलं की खुलायचं, आणि जावा घेणाऱ्या बहुतेकांना पळायचं नव्हतंच, निवांत जायचं होतं. आकड्यांचे शौकीन कुरकुरले, रोज चालवणाऱ्यांना बदल पटला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ४२ एफजे आली. एफजे म्हणजे फ्रांतिशेक यानेचेक.

तरीही रॉयल एनफिल्डच्या जवळ जाणं जमलेलं नाही. एनफिल्ड महिन्याला हजारोंच्या घरात क्लासिक ३५० विकते आणि त्या स्पर्धेत जावा-येझदी बऱ्याच मागे आहेत. याचं एक कारण फार साधं आहे. बुलेट मधल्या काळात कधी बंदच पडली नाही. कंपनी नव्वदच्या दशकात डबघाईला आली होती हे खरं, पण गाड्या निघत राहिल्या, त्यामुळे बुलेट खोलणारा मिस्त्री तालुक्या-तालुक्यात टिकून राहिला. जावाचा मिस्त्री म्हातारा झाला, आणि नव्या जावातली फ्युएल इंजेक्शन, सेन्सर, एबीएस ही भानगड त्याच्या ओळखीची नाही. जुन्या गाडीत चार पान्यांत भागायचं, नव्या गाडीला कंपनीचं स्कॅनर लागतं.

याचा सगळ्यात मोठा फरक मोठ्या शहरापासून लांब राहणाऱ्याला पडतो. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. आलापल्ली किंवा भामरागडच्या माणसाला तर आधी जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायलाच अर्धा दिवस. ज्या जिल्ह्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जंगल आहे, जिथे आष्टी-आलापल्ली रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांमागून वाट काढावी लागते, तिथे येझदी अ‍ॅडव्हेंचरसारखी उंच गाडी खरं तर शोभून दिसते. जाहिरातीतला रस्ता इथं रोजचाच आहे. पण तिथला पोरगा घेताना पहिला प्रश्न विचारतो, ‘सर्व्हिसला कुठं न्यायची?’ पुण्यातल्या चाहत्याला पार्टसाठी आठवडाभर थांबणं म्हणजे वैताग. याची तेवढे दिवस गाडीच बंद, आणि एसटीचं वेळापत्रक हातात.

अलीकडे एक गोष्ट मात्र कंपनीच्या बाजूनं पडली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ३३४ सीसीच्या जावा-येझदी त्या मर्यादेत बसल्या. म्हणजे किमतीची अडचण थोडी हलकी झाली. अर्थात हाच फायदा क्लासिक ३५० लाही मिळाला.

चाहत्यांमध्ये आज सरळ दोन तट दिसतात. एकाच्या मते जावा म्हणजे मैसूरची, धूर सोडणारी, बाकी सगळं स्टिकर. दुसऱ्या तटात बरेच जण असे आहेत ज्यांचा जन्मच मैसूरचा कारखाना बंद झाल्यावरचा. त्यांना तुलना करायला जुनी गाडी नाहीच, त्यांची तक्रार असते ती सर्व्हिस सेंटरची. जावा दिवसाला दोन्ही गट एकाच मैदानात येतात. जुन्या गाडीवाला हँडलवर फडकं मारत असतो, नव्या गाडीवाला मोबाइलवर पार्ट आला का ते बघत असतो. आणि निघायची वेळ झाली की पहिल्यांदा किक कुणाची लागते, यावर अजूनही पैजा लागतात.