नफा कागदावर, पैसा गिऱ्हाइकाकडे: डब्ल्यू. टी. ग्रँटची उधारी

'आज रोख, उद्या उधार' ही पाटी तुम्ही वाण्याच्या दुकानात नक्की वाचली असेल. ती गिऱ्हाइकासाठी असते, तशीच दुकानदाराच्या स्वतःच्या मोहासाठीही असते. उधारीवर माल पटापट खपतो, वही भरते आणि धंदा जोरात चाललाय असं वाटू लागतं. अमेरिकेतल्या एका प्रचंड दुकान-साखळीला हा मोह किती महाग पडला, ते आज बघू.

विल्यम टी. ग्रँट यांनी 1906 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी पहिलं दुकान काढलं. माल 25 सेंटपर्यंतचा, व्यवहार रोखीचा. साखळी वाढत गेली. ग्रँट 1972 मध्ये वयाच्या 96 व्या वर्षी वारले, तोवर कंपनीचं रूप पार बदललं होतं. 1963 ते 1973 या दहा वर्षांत 600 हून अधिक नवी दुकानं उघडली गेली. स्वस्त कपडे आणि घरगुती वस्तूंच्या जोडीला 'ब्रॅडफर्ड' नावाने टीव्ही, फ्रिज, फर्निचर आलं. आता गंमत बघा: 25 सेंटची वस्तू कुणीही रोखीने घेतो, पण टीव्हीसाठी गिऱ्हाइकाला उधारी लागते. म्हणजे कंपनीने काय विकायचं हे ठरवलं, तिथेच कोणती जोखीम घ्यायची हेही ठरून गेलं.

उधारीच्या अटी फारच सैल होत्या. फेडायला 36 महिन्यांपर्यंत मुदत, आणि महिन्याचा किमान हप्ता अवघा 1 डॉलर. खाती प्रत्येक दुकान आपापली सांभाळायचं. एकूण किती येणं थकलंय याचा नीट हिशेब मुख्यालयाकडे नव्हता. नवीन खातं उघडून दिलं की कर्मचाऱ्याला 1 डॉलर बक्षीस. उधारीचं उद्दिष्ट न गाठणाऱ्या मॅनेजरांच्या तोंडावर कस्टर्ड पाय फेकले गेले, टाय कापले गेले. दिवाळखोरीच्या चौकशीत हे बाहेर आलं. मग तुम्हीच सांगा, एखाद्या गिऱ्हाइकाची परत फेडण्याची ऐपत नाही हे दिसत असताना 'नाही' कोण म्हणणार?

आता हिशेबाकडे वळू. उधारीवर टीव्ही विकला की विक्री आणि नफा त्याच दिवशी वहीत चढतो; पैसे येतात पुढच्या तीन वर्षांत, आले तर. पण पुरवठादार, पगार आणि दुकानांचं भाडं थांबत नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून बरीच वर्षं ग्रँटचा वार्षिक नफा 3 कोटी डॉलरच्या वर होता. त्याच काळात धंद्यातून प्रत्यक्ष रोकड मात्र जवळजवळ येतच नव्हती. ही दरी कर्जाने, विशेषतः कमर्शियल पेपर नावाच्या अल्पमुदतीच्या रोख्यांनी, भरली जात होती. लाभांशही चालूच होता. 1973 मध्ये शेअर बाजार या शेअरला मिळकतीच्या जवळपास 20 पट भाव देत होता.

1974 मध्ये कमर्शियल पेपरचा दरवाजा बंद झाला. 143 बँकांनी मिळून 60 कोटी डॉलरचं कर्ज दिलं. अध्यक्ष रिचर्ड मेयर गेले, जेम्स केंड्रिक आले, आणि 1975 मध्ये सीअर्समधून रॉबर्ट अँडरसन यांना आणलं गेलं. जानेवारी 1975 मध्ये संपलेल्या वर्षाचा तोटा होता 17 कोटी 70 लाख डॉलर. ऑक्टोबर 1975 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तोवरची अमेरिकेतली ही किरकोळ व्यापारातली सर्वांत मोठी दिवाळखोरी. 1976 मध्ये उरलीसुरली दुकानंही बंद झाली आणि हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. उधारीचं धोरण त्यांनी ठरवलं नव्हतं.

1980 मध्ये जेम्स लार्गे आणि क्लाइड स्टिकनी या अभ्यासकांनी दाखवून दिलं की कंपनी कोसळण्याच्या कितीतरी वर्षं आधी रोकड प्रवाहात धोका दिसत होता. आकडे लपवलेले नव्हते; प्रसिद्ध झालेल्या ताळेबंदांवरूनच तो प्रवाह काढता येत होता. अमेरिकेत रोकड प्रवाहाचं स्वतंत्र पत्रक सक्तीचं झालं ते 1987 च्या नियमाने.

म्हणून दोष फक्त सैल उधारीचा, असं म्हणून मला थांबता येत नाही. वरच्यांनी बक्षीस आणि शिक्षा दोन्ही विक्रीला बांधली. वसुलीला कुणी वालीच ठेवला नाही. खालच्या माणसाने मग तेच केलं, जे त्याच्याकडून मागितलं गेलं.

तुम्ही एखाद्या मोठ्या दुकानात काम करत असाल, किंवा तुमच्या निवृत्तीच्या पैशात अशा कंपनीचे शेअर असतील, तर पुढचा वार्षिक अहवाल हातात आल्यावर नफ्याच्या ओळीवर थांबू नका. धंद्यातून किती रोकड आली, येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढतायत का, आणि वरच्यांचा बोनस कशावर ठरतो, एवढं शोधा. वाण्याची पाटी हेच विचारत असते.